रांगतं बाळ आहे, ठाण्यात भाड्याच्या घरात आलोय; घरात आधी काय बघू?

आधी जमिनीवर बसा आणि बाळाच्या उंचीवरून घर बघा. आमच्या वर्तकनगरच्या घरात मी तसं केलं, तर सिंकखाली पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं सुट्टं फिनेल दिसलं. दारावर घेतलेलं, झाकण नीट लागत नव्हतं. पोटात गोळाच आला. फिनेल, ॲसिड, रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. सगळं वरच्या कपाटात, कडी लावून. डांबरगोळ्याही तिथेच, त्या मुलांना गोळी-चॉकलेटसारख्या वाटतात.

चुकून काही प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते, रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा, किंवा १०८ लावा.

रिमोट, खेळण्यांतले बटण सेल स्क्रूने बंद आहेत ना, तेही बघा. सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही आतून भाजतो.

आणि आत्ता पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा करा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.