पाचवा ईसीजी

ताई, मी ३६ वर्षांचा. राहतो डोंबिवलीत, नोकरी दादरला. जानेवारीत शेजारच्या टेबलावरचा सहकारी हार्ट अटॅकने गेला, वय ३९. पंधरा दिवसांनी फास्ट लोकलमध्ये मलाही धडधड, घाम, हातांना मुंग्या. मध्येच उतरून थेट हॉस्पिटल गाठलं. तेव्हापासून चार ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. आता स्लो गाडीनेच जातो, म्हणजे कुठेही उतरता येतं. उशीखाली ऑक्सिमीटर असतो. रात्री बायकोला नाडी बघायला लावतो, ती वैतागलीय. ईसीजीत काही सुटलं असेल तर? पाचवा काढू का?

नका काढू.

चौथ्यानंतर किती दिवस शांत झोपलात? तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज दोन, फार तर तीन. पाचव्यानंतर एक रात्र मिळेल. तुमचं हृदय ट्रेडमिलवर डॉक्टरांसमोर धावून आलंय. तपासायचं राहिलंय ते भीतीचं दुखणं, आणि ते ईसीजीच्या पट्टीवर उमटत नाही.

गाडीत झालं ते बहुधा पॅनिक अटॅक. आपल्याकडे याला ‘जीव घाबरा होणं’ म्हणतात आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो. शरीराला वाटतं संकट आलं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळू लागतं. आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. त्यात शेजारचा सांगतो, ‘खोल श्वास घ्या.’ सल्ला चांगल्या मनाचा, पण मोठमोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात. श्वास साधाच घ्या, सोडताना मात्र सावकाश, गरम चहावर फुंकर घालतो तसा. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते.

तुम्हाला हे उतरणं कधी दिसलंच नाही, कारण त्याआधी तुम्हीच गाडीतून उतरलात! मनाने हिशेब मांडला की उतरलो म्हणून वाचलो. स्लो लोकल, ऑक्सिमीटर, नाडी ही सगळी त्याच हिशेबातली खाती.

ती एकेक करून बंद करू. ऑक्सिमीटर आज कपाटात. पुढच्या आठवड्यात डोंबिवली ते ठाणे फास्टने, तिथून हवी तर स्लो. भीती वाटणारच, ती घेऊनच बसा. ते अंगवळणी पडलं की पुढचा टप्पा, मग दादर. एखाद्या दिवशी मध्येच उतरावं लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी.

नाडीचं मात्र बायकोशी आधी बोलून ठरवा. तुम्ही हात पुढे केलात की तिने एवढंच म्हणायचं: ‘नाडी बघणार नाही, पण शेजारी बसते.’ पहिल्या चार-पाच रात्री तुम्हाला तिचा राग येईल. येऊ दे.

हे एकट्याने जमेलच असं नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं घरचे ऐकवतात, पण म्हणीने धडधड थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. यावर सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत आहे, चांगली लागू पडते. गोळ्या दिल्याच तर नैराश्यावरच्या, एसएसआरआय गटातल्या असू शकतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. ऑफिसातला कुणी ‘अर्धी घे, लगेच बरं वाटेल’ म्हणून अल्प्राझोलाम देईल, ती घेऊ नका. तिची सवय लागते. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

एक अपवाद. जिना चढताना छातीवर दाब येऊन थांबावं लागलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, शुद्ध हरपली, किंवा नेहमीपेक्षा वेगळं दुखणं थांबेचना, तर माझं हे पत्र विसरून १०८ ला फोन करा.

आणि त्या सहकाऱ्याबद्दल. पत्रात त्याला तुम्ही एकच ओळ दिलीत. रोज शेजारी बसून डबा खाणारा माणूस गेला आणि तुम्ही स्वतःची नाडी मोजत बसलात. त्याच्या घरी जाऊन आलात का? नसाल तर या रविवारी दोघं जा. जाताना फास्ट नाही पकडलीत तरी चालेल.