वरच्या पातळीवर विनाइल क्लोराइड का घसरते?

प्रश्न : पर्ज-अँड-ट्रॅप जीसी-एमएसवर (पाण्यात वायू फुंकून बाष्पे बाहेर काढायची, ट्रॅप म्हणजे शोषक नळीत धरायची, मग कॉलममध्ये वेगळी करून वस्तुमानावरून ओळखायची) आम्ही ५ मिली पाण्यातली बाष्पनशील सेंद्रिय संयुगे मोजतो. कॅलिब्रेशनच्या (ज्ञात प्रमाणांच्या द्रावणांवरून यंत्राचा प्रतिसाद ठरवण्याच्या) वरच्या पातळ्यांवर क्लोरोमिथेन, विनाइल क्लोराइड यांचे पीक पसरट होतात आणि प्रतिसाद घटतो. टोल्युइनपासून पुढे सगळे ठाकठीक. स्कॅन ३५ पासून आहे, म्हणजे त्याहून कमी वस्तुमानाचे आयन यंत्र नोंदवत नाही; मग मिथेनॉल आड येईल का?

उत्तर : येईल. ३५ पासून स्कॅन केल्याने मिथेनॉलचे ३१ आणि ३२ हे आयन दिसेनासे होतात, एवढेच. मिथेनॉल आयन सोर्समध्ये (रेणूंचे आयन होतात त्या भागात) पोहोचायचे ते पोहोचतेच.

एकाच स्टॉकमधून (मिथेनॉलमधल्या मूळ संहत द्रावणातून) दर पातळीला जास्त मायक्रोलिटर घालत असाल, तर मूळ तिथेच आहे. ५० मायक्रोलिटर मिथेनॉल म्हणजे सुमारे ४० मिलिग्रॅम. लिटरला २० मायक्रोग्रॅमच्या स्टँडर्डमध्ये (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणात), ५ मिलीत, विनाइल क्लोराइड असते अवघे १०० नॅनोग्रॅम. म्हणजे मिथेनॉल चार लाख पट! पाण्यात ते पूर्ण मिसळत असल्याने त्यातले थोडेच पर्ज होते, पण तेवढेही पुरते. ते कॉलममधून लवकर, नेमके हलक्या वायूंच्या आसपास, बाहेर पडते. टोल्युइन येईपर्यंत ते निघून गेलेले असते.

खात्री करायला एक रन स्कॅन २९ पासून घ्या आणि ३१चा आयन वेगळा काढून पाहा. तो ढिगारा ६२च्या (विनाइल क्लोराइडच्या) पीकवर बसलेला दिसला की शंका फिटली. आणखी एक चाचणी : विनाइल क्लोराइड तेवढेच ठेवून एका सिरिंजमध्ये एकूण ५ आणि दुसरीत ५० मायक्रोलिटर मिथेनॉल घ्या, क्षेत्रफळांची तुलना करा.

उपाय सोपा, थोडा कंटाळवाणा. प्रत्येक पातळीसाठी स्टॉक मिथेनॉलमध्ये पातळ करून वेगळे इंटरमीडिएट स्टँडर्ड करा, म्हणजे सर्वत्र ५ मायक्रोलिटरच घालावे लागेल. ब्लँक (संयुगे न घातलेले कोरे पाणी) आणि नमुन्यांतही मिथेनॉल तेवढेच ठेवा. ड्राय पर्ज (ट्रॅप तापवण्याआधी त्यातून कोरडा वायू सोडणे) एक-दोन मिनिटे द्या. सिलिका जेलचा ट्रॅप पाणी आणि मिथेनॉल धरून ठेवतो. कार्बनच्या थरांचा ट्रॅप इथे सरस. नुसत्या टेनॅक्सवर (ट्रॅपमधला एक पॉलिमर शोषक) मात्र विनाइल क्लोराइड टिकत नाही.

प्रश्न : ब्लँकमध्येही डायक्लोरोमिथेन येते. पाणी बदलले, फरक नाही.

उत्तर : पाणी नव्हे, खोलीची हवा तपासा. शेजारी द्रावकाने एक्स्ट्रॅक्शन चालत असेल, तर ४० अंशांना उकळणारे हे द्रव हवेतून, कपड्यांवरून येते आणि टेफ्लॉनच्या नळीतूनही आत झिरपते. वायूच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या करा. एक्स्ट्रॅक्शनचा कोट या खोलीत नको. ४९, ८४, ८६ हे तिन्ही आयन असतील आणि ८६ हा ८४च्या साधारण दोन-तृतीयांश असेल, तर ते डायक्लोरोमिथेनच आहे.