शनिवार सोडू नकोस

बाळा,

रात्री पावणेदोनचा तुझा मेसेज वाचला. मास्तरकीतलं प्रोबेशनचं वर्ष, वर्गावर येणारे निरीक्षक, जॉटरांचे (पोरांच्या वह्यांचे) ढीग, म्हणून शनिवारचा क्रिकेट क्लब सोडतोयस. सल्ला मागितला नाहीसच, नुसतं कळवलंस. तरी सांगतो: शनिवार सोडू नकोस.

जॉर्ज सॅमंड माहीत आहे? डंडीचा. प्राथमिक शाळेतला मास्तर, आणि १९९९च्या विश्वचषकात स्कॉटलंडचा कप्तान. पहिलाच सामना वूस्टरला, ऑस्ट्रेलियाशी. महिना मे, म्हणजे इथे स्कॉटलंडात शाळांना सुट्टी लागायला अजून महिनाभर अवकाश. आणि तू जॉटरांचं सांगतोस!

पाच सामने, पाचही हरले. लेस्टरला वेस्ट इंडिजने ६८ धावांत गुंडाळलं. बांगलादेशचा सामना मी एडिंबराच्या ग्रेंज मैदानावर पाहिला. सोमवार होता, शाळेला पोट बिघडल्याचं कळवलं होतं (हे कुठे बोलू नकोस). बांगलादेश ५ बाद २६! तिथून मिन्हाजुल आबेदिनने १८५ पर्यंत नेलं. आपला गॅव्हिन हॅमिल्टन ६३ वर होता, तेवढ्यात समोरच्याने मारलेला चेंडू गोलंदाजाला चाटून स्टंपांवर गेला, आणि हा क्रीजबाहेर. २२ धावांनी गेला सामना. घरी येताना मी एकच विचार करत होतो: सॅमंड वर्गात परतेल तेव्हा पोरं काय विचारतील? विचारू देत. हरून आलेला मास्तर पोरांना दिसायलाच हवा. आपल्या वर्गात हरतात ती फक्त पोरं.

मी माझा शनिवार एका सीझनपुरता सोडला होता. घराचे हप्ते होते, मुलगी लहान होती, वरच्या जागेसाठी अर्ज केला होता. जागा मिळाली, चांगलं काम केलं, तेव्हा माझं चुकलंच असं समजू नकोस. त्या वेळी दुसरा कुणीही हेच... जाऊ दे. किटबॅग गॅरेजमध्ये आहे. गेल्या वर्षी उघडली, ग्लोव्हज लाकडासारखे कडक.

जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यात तपास की वह्या! सहाव्या नंबरवर खेळ, बाउंड्रीवर उभा राहा, शून्यावर बाद हो. पण शनिवार सोडू नकोस.

या शनिवारी मी येतोय. जॉटर घेऊन ये. पाऊस पडणारच, पॅव्हेलियनमध्ये बसून अर्धे मी तपासून देतो.

तुझा,
काका