आय२० एन लाइन आत्ता घ्यावी का? पाथर्डी फाट्यावरच्या वाचकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय ३३, अंबड एमआयडीसीत इंजिनिअर, पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून हातात १ लाख १८ हजार येतात. फ्लॅटचा हप्ता २६ हजार, आई-वडिलांच्या औषधांसह घरखर्च ५८ हजार, तीन वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी १२ हजारांची एसआयपी. बँकेत ४ लाखांची एफडी. ह्युंदाई आय२० एन लाइनचं (साध्या आय२०चं जास्त ताकदीचं, स्पोर्टी रूप) सगळ्यात वरचं एन८ ऑटोमॅटिक मॉडेल घ्यायचं आहे, ऑन-रोड १३.७ लाख. एफडीतले २ आणि जुन्या स्विफ्टचे २ असे ४ लाख भरून उरलेले ९.७ लाख सात वर्षांच्या कर्जाने. गरज पडली तर एसआयपी ५ हजारांवर आणायची तयारी आहे. "असल्या गाड्यांत आता पैसे वसूल होतात का? की ९.५ लाखांची साधी आय२० किंवा सेकंडहँड पोलो जीटी बरी?"

नमस्कार. तुमच्या घरात या गाडीवरून वाद झालाय हे पत्रातून कळतंच. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझं काम ते मोल कागदावर मांडून दाखवणं एवढंच आहे. हौस वाईट म्हणणार नाही, कारण तसं मला वाटत नाही.

आधी गाडीच्या किमतीचं बघू. २०१७ मध्ये मारुतीने अशीच जोरकस छोटी गाडी, बलेनो आरएस, आणली तेव्हा तिची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ८.६९ लाख होती, ताकद १०२ पीएस. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर आठ वर्षांनी त्याच ८.६९ लाखांचे १२.८ लाख होतात. आणि आज १२० पीएसची एन लाइन, खालचं एन६ मॅन्युअल मॉडेल, सव्वानऊ लाख एक्स-शोरूमच्या आसपास मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी सेससकट २९ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा हा मोठा फायदा. म्हणजे गाडी म्हणून हा सौदा पूर्वीपेक्षा चांगलाच झालाय, हे मी ठामपणे सांगतो. खऱ्या अर्थाने हॉट हॅच, म्हणजे छोट्या अंगाची पण वेगवान गाडी, म्हणावी अशी गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये आपल्याकडे आली ती ५३ लाखांना. सामान्य पगारदाराला ही मजा दहा लाखांच्या आसपासच परवडते.

आता साध्या आय२०शी तुलना. तिचं १.२ लिटरचं इंजिन ८३ पीएस आणि ११५ न्यूटन मीटर टॉर्क (खेचण्याची ताकद) देतं, तोही ४२०० आरपीएमला. एन लाइनचं १ लिटर टर्बो १७२ न्यूटन मीटर देतं आणि ते १५०० आरपीएमपासूनच. हा फरक समृद्धीवर फारसा जाणवणार नाही. तिथे मर्यादा १२० ची आहे आणि साधी आय२०सुद्धा त्या वेगाला आरामात जाते. फरक कळतो तो दिंडोरीमार्गे वणीला जाताना, द्राक्षाच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपमागे अडकल्यावर. समोरून येणाऱ्या गाडीच्या आधी झटकन पुढे निघून परत आपल्या लेनमध्ये येता येतं. याला मी सुरक्षितता म्हणतो आणि त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही.

पण हे इंजिन एन६ मध्येही तेच आहे. १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर, काडीचाही फरक नाही. एन८ ऑटोमॅटिकमध्ये जास्तीचं मिळतं ते ड्युअल क्लच गिअरबॉक्स, मोठी स्क्रीन, बोसचे स्पीकर वगैरे. तुमच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम ११.५ लाख आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्याच्या वर वीस लाखांपर्यंत १२ टक्के. तुमचा झाला १ लाख ३८ हजार. एन६ ला साधारण १ लाख २ हजार. दहा लाखांच्या वर गेल्यामुळे १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) लागला, साडेअकरा हजार. तो रिटर्नमध्ये वळता होतो, तेवढा लक्षात ठेवून दाखवा. एन६ मॅन्युअल नाशिकमध्ये रस्त्यावर यायला पावणेअकरा लाखांच्या आसपास पडावी. फरक जवळजवळ तीन लाखांचा, आणि तुम्हाला हवी असलेली गोष्ट दोन्हींत सारखीच. शिवाय पाथर्डी फाटा ते अंबड हे अंतर जेमतेम, आणि संध्याकाळी द्वारका चौकात मुंगीच्या पावलाने सरकताना ड्राय क्लचचा हा गिअरबॉक्स तापतो. हौशी ड्रायव्हरने मॅन्युअल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण कर्जात आहे. ९.७ लाख, ९ टक्के, ८४ महिने: हप्ता १५,६०० रुपये, एकूण व्याज ३ लाख ४१ हजार. तुम्ही लिहिलंय की चार-पाच वर्षांनी गाडी बदलण्याची सवय आहे. चार वर्षांनी बँकेचे ४.९ लाख अजून बाकी असतील, आणि पाचव्या वर्षी विम्याची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, मूळ किमतीच्या निम्म्यावर, म्हणजे पावणेसहा लाखांवर आलेली असेल. विकून आलेले बहुतेक पैसे बँकेकडे जातील आणि पुढच्या गाडीचं कर्ज पुन्हा शून्यातून सुरू होईल.

त्याहून मला टोचतं ते एसआयपीचं. आज तुमच्याकडे महिन्याला २२ हजार उरतात. हप्ता गेल्यावर सहा-साडेसहा हजारांत पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा बसवायचा, म्हणून मुलीचे ७ हजार कापायचे. सात वर्षं ते ७ हजार १० टक्के परताव्याने वाढले असते तर साडेआठ लाखांच्या जवळ गेले असते. परताव्याची हमी कुणी देत नाही, पण ही रक्कम १३.७ लाखांत मिळवून बघा आणि मगच एन८ स्वस्त की महाग ते ठरवा. एफडीचंही तसंच. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता धरून सहा महिन्यांना ५ लाख लागतात. तुमच्याकडे ४ आहेत, त्यातले २ काढायला निघालात. घरात वयस्कर आई-वडील असताना हे करू नका, अगदी कळकळीने सांगतो.

तर असं करा. या महिन्यापासून १८ हजारांची आरडी सुरू करा, गाडीचा हप्ता चालू झालाय असं समजून. कुठल्या महिन्यात ओढाताण होते ते आपोआप कळेल. वर्षभरात २ लाख १६ हजार आणि वर व्याज जमेल. स्विफ्टचे तोवर १ लाख ८० हजार धरा. जवळजवळ ४ लाख भरून एन६ साठी ६.८ लाखांचं कर्ज पाच वर्षांचं घेतलंत तर हप्ता १४,१०० आणि व्याज १ लाख ६७ हजार, म्हणजे निम्म्याहून कमी. एफडीला हात नाही, एसआयपी तशीच. मधल्या काळात बोनस आला तर तो एफडीत टाकून ५ लाख पूर्ण करा. किंमत वीस-तीस हजारांनी वाढली तरी हा हिशेब बिघडत नाही. नाशिकचे रस्ते सिंहस्थाच्या कामांसाठी आत्ता जागोजागी उकरलेले आहेत, तेव्हा नवी गाडी वर्षभर उशिरा आली तर फार काही हुकणार नाही.

पोलो जीटी टीएसआय सुंदर गाडी होती, पण ती २०२२ मध्ये बंद झाली. हौशी लोकांमुळे जुन्या गाड्यांचे भाव चढेच आहेत, सेकंडहँड गाडीच्या कर्जाला व्याज जास्त, आणि जुन्या पोलोतल्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा नियंत्रक) गेलं तर खर्च लाखाच्या घरात. नको.

मित्राने सुचवलेलं ईसीयू रीमॅपिंगही, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं, नको. वॉरंटी जाईलच, पण कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे विम्याचा क्लेम नाकारला गेला तर हप्ते मात्र भरत राहावे लागतील. तुमचं इंजिन ९९८ सीसीचं असल्याने थर्ड पार्टी प्रीमियम सगळ्यात खालच्या टप्प्यात बसतो. त्यात वाचलेले पैसे झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाची किंमत देणारं) या कव्हरांवर घाला.

कोटेशनमधले १८ हजार 'किट आणि हँडलिंग' म्हणून लावलेत, ते काढायला सांगा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्तीही नसते, बाहेरचा भाव आणून दाखवा. आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय२०पेक्षा कडक आहे. आई-वडिलांना मागे बसवून अंबडच्या आतल्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी मारा आणि उतरल्यावर त्यांच्या कमरेला काय वाटलं ते विचारा. त्यांचा होकार आला तर पुढच्या वर्षी एन६ बुक करा.