ऑर्लान्थची प्रश्नोत्तरे: वादळाचा राजा आणि त्याने घातलेला गोंधळ

वादळाच्या देवांबद्दल प्रश्न बरेच साठलेत आणि त्यातले अर्ध्याहून जास्त एकट्या ऑर्लान्थवर आहेत, म्हणून यावेळी फक्त तोच. ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्लोरँथा ही ग्रेग स्टॅफर्डने 1966 पासून रचत आणलेली काल्पनिक दुनिया, 1975 मध्ये ती बोर्डगेम म्हणून लोकांसमोर आली, 1978 मध्ये रूनक्वेस्ट हा तिथेच घडणारा रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायची) आला, आणि सध्या बहुतेक जण खेळतात ती 2018 ची आवृत्ती. ऑर्लान्थ हा तिथला वारा-वादळाचा देव आणि देवांचा राजा. आता प्रश्न.

प्रश्न (नाशिक): आमचा ग्रुप डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो, माझा टेम्पेस्ट डोमेनचा क्लेरिक, म्हणजे वादळाच्या शक्ती वापरणारा पुजारी, आहे आणि देव टॅलोस. मित्र म्हणतो ऑर्लान्थ जास्त भारी आहे. फरक काय पडतो, वीज ती वीजच ना?

वीज तीच, देव वेगळा. टॅलोस हा फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या दुनियेतला विध्वंसाचा देव, अलाइनमेंट म्हणजे नैतिक कल केऑटिक ईव्हिल (बेबंद आणि दुष्ट), त्याला घरदार-शेतीशी काही घेणंदेणं नाही, जहाज बुडालं की तो खूश. अशा देवाचा क्लेरिक पार्टीत घेऊन फिरायचा म्हणजे दर सेशनला बाकीच्यांनी विचारायचं की बाबा तू नक्की आमच्या बाजूने आहेस ना. आणि खरं सांगायचं तर टेम्पेस्ट क्लेरिक लोक घेतात ते डिस्ट्रक्टिव्ह रॅथसाठी, विजेचं डॅमेज डाइस न टाकता थेट मॅक्स, मजा आहेच त्यात, नाही कोण म्हणतंय.

ऑर्लान्थला मात्र संसार आहे. बायको एर्नाल्डा, ती पृथ्वीची देवी. भाऊ आहेत, एक हुमाक्त म्हणजे मृत्यूचा आणि तलवारीचा देव, एक स्टॉर्म बुल म्हणजे डोकं फिरलेला बैल. त्याला मानणारी माणसं डोंगराळ भागातली शेतकरी-गुराखी, वाड्यावस्त्यांवर राहणारी, बैल आणि मेंढ्या पाळणारी, शेजारच्या कुळाची गुरं पळवणारी. म्हणजे तुमचं कॅरेक्टर ऑर्लान्थचं झालं की त्याला आपोआप काका, मामा, कुळाचा प्रमुख, जुनं वैर, कुणाचं तरी देणं असं सगळं चिकटतं. फक्त डॅमेज पाहिजे असेल तर टॅलोस ठेवा. गोष्ट पाहिजे असेल तर मित्राचं ऐका.

प्रश्न (ठाणे): हा सरळसरळ आपला इंद्र नाही का? नाहीतर थॉर. कॉपीच वाटते.

इंद्र आठवणं साहजिक आहे, मलाही आठवला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 32 वं सूक्त काढून बघा, डोंगरावर पसरलेला अहि, त्वष्ट्याने घडवलेलं वज्र, तो मेल्यावर हंबरत सुटलेल्या गायींसारखं धावणारं पाणी. आणि ग्लोरँथात अरोका नावाचा निळा ड्रॅगन हेलरला म्हणजे पावसाच्या देवाला गिळून बसतो, दुष्काळ पडतो, ऑर्लान्थ त्याला मारून पाऊस मोकळा करतो. सांगाडा तोच. पण वादळाचा देव सापाला किंवा ड्रॅगनला मारतो ही गोष्ट एकट्या आपली नाहीच, थॉरच्या वाट्याला समुद्रातला साप आहे, झ्यूसच्या वाट्याला टायफॉन आहे, हित्ती लोकांचा वादळदेव इलुयांकाशी भिडतो. स्टॅफर्ड पुराणकथांमध्ये आयुष्यभर बुडालेला माणूस, त्यामुळे हे सगळं त्याच्या मुरवणीत होतंच.

वेगळेपण पुढे आहे, आणि माझ्या मते ऑर्लान्थ मोठा देव होतो तो तिथेच. आपल्याकडे पुराणांपर्यंत येता येता इंद्राचं पार हसं झालंय, सिंहासन हललं की अप्सरा पाठव, गोवर्धनाच्या वेळी कृष्णापुढे मान खाली घाल. ऑर्लान्थ मात्र आधी चुकतो आणि मग राजा होतो. सूर्याचा बादशहा येल्म सगळ्या जगाला शिस्तीत ठेवून बसलेला, ऑर्लान्थ त्याला आव्हान देतो, नाचगाण्याच्या स्पर्धा होतात, पंच सगळे बादशहाच्या दरबारातले, आता निकाल काय लागणार. मग येते शस्त्राची पाळी आणि ऑर्लान्थ मृत्यू नावाचं शस्त्र काढतो, जे त्या जगात नुकतंच आलंय आणि ज्याने नक्की काय होतं हे कुणालाच नीट कळलेलं नाही. सूर्य मरतो. सगळे टाळ्या वाजवतील असं त्याला वाटलं असणार बहुतेक. होतं काय, तर अंधार, बर्फ, उपासमार, केऑसचे म्हणजे अराजकाचे राक्षस, जगच संपायला येतं. हुमाक्त तर आपलं शस्त्र असं वापरलं गेलं म्हणून वादळाच्या घराण्याशी नातंच तोडतो.

आणि मग हा देव, जो सगळ्यात ताकदवान उरलाय, तो ठरवतो की हे आपणच केलंय तर आपणच निस्तरायचं. पश्चिमेला चालत जातो, पाताळात उतरतो, ज्याला मारलं त्याच्यासमोर उभा राहून आपली चूक कबूल करतो. सोबतीला कोण, तर व्यापाराचा देव इसारिस, वैद्यकीची देवी चलाना अरॉय, ज्ञानाचा देव लँकॉर म्हाय, यूरमाल नावाचा नंबर एकचा लबाड, फ्लेश मॅन नावाचा वेडापिसा झालेला साधा माणूस, आणि गिना जार, जी कोण आहे ते कधीच धड सांगितलेलं नाही. या सातांना लाइटब्रिंगर्स म्हणतात. समेट होतो, सूर्य उगवतो, आणि ग्लोरँथात काळ सुरू होतो तो तिथून. आता ही कॉपी वाटत असेल तर मूळ कुठलं ते मला जरूर कळवा.

प्रश्न (पुणे): मी जीएम (गेममास्टर, खेळ चालवणारा) आहे. एक प्लेयर ऑर्लान्थचा इनिशिएट म्हणजे दीक्षा घेतलेला भक्त आहे आणि प्रत्येक ठिकाणी तलवार काढतो. विचारलं तर म्हणतो माझा देवच सांगतो की मारामारी हा पर्याय कायम असतो. काय करू?

तो अर्धंच सांगतोय. मारामारीचा पर्याय कायम असतो हे ऑर्लान्थी लोक म्हणतात खरं, पण त्यांच्यातच एर्नाल्डाच्या नावाने दुसरं वाक्य चालतं की आणखी एखादा मार्ग नेहमीच असतो, आणि नवराबायको असल्यामुळे ही दोन्ही वाक्यं एकाच घरात राहतात. तुमच्या टेबलावर एर्नाल्डाची बाजू कोण मांडतंय? कुणीच नसेल तर एनपीसी, म्हणजे तुम्हीच वठवायचं पात्र, आणा, कुळातली एखादी म्हातारी पुजारीण, जी याच्या देखत पाहुण्यांना जेवायला वाढते आणि म्हणते आता बस खाली.

दुसरं म्हणजे परिणाम दाखवा. या समाजात तुरुंग-पोलीस असलं काही नसतं, माणूस मारला तर त्याच्या नातेवाइकांना भरपाई द्यायची, गुरांच्या रूपात. तुमच्या प्लेयरने बाजारात एकाला आडवा केला ना, पुढच्या सेशनला त्याच्या कुळाचे लोक दारात आणा, शांतपणे, हत्यार न काढता, फक्त आकडा सांगायला. आणि ती गुरं याच्या एकट्याच्या गोठ्यातून जात नाहीत, अख्ख्या कुळाच्या जातात. चुलत्याने बारशाला ठेवलेली गाय गेली की चुलती जे काही ऐकवेल ते तुम्ही जीएम म्हणून मनापासून वठवा, रूल्सची गरजच पडणार नाही.

आणि एकदा तरी लाइटब्रिंगर्सची गोष्ट शेकोटीपाशी त्याच्या कॅरेक्टरलाच सांगायला लावा. सांगता सांगता त्याच्याच लक्षात येईल.

प्रश्न (कोल्हापूर): एअर रून (कॅरेक्टरचं वाऱ्याशी नातं किती ते सांगणारा आकडा) 90 टक्के आहे पण रून पॉइंट (देवाची जादू वापरताना खर्च होणारे गुण) पहिल्याच मारामारीत संपतात, मग मी नुसता भालेवाला. रूल्समध्ये काही जुगाड?

जुगाड आहे आणि त्याचं नाव कॅलेंडर. रून पॉइंट रात्री झोपून परत येत नाहीत, पूजेला जाऊन येतात. ग्लोरँथाचं वर्ष 294 दिवसांचं, पाच ऋतू, प्रत्येकी आठ आठवडे, आणि शेवटी दोन आठवड्यांचा सेक्रेड टाइम. ऑर्लान्थचा वार विंड्सडे, आणि वर्षातला सगळ्यात मोठा सण स्टॉर्म सीझनमध्ये मूव्हमेंट वीकच्या विंड्सडेला. जीएमला आज कुठला ऋतू, कुठला वार हे विचारत जा आणि मोहीम सणाच्या आसपास आखा. जीएमने कॅलेंडर ठेवलेलंच नसेल तर तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे, त्याला हे वाचायला द्या. बाकी इनिशिएट म्हणून वेळेतला आणि कमाईतला दहावा हिस्सा देवळाला द्यायचा असतो हेही विसरू नका, ते न देता पॉइंट मागणारे बरेच बघितलेत.

शिवाय 90 टक्क्यांची रून फक्त स्पेल टाकायला नसते. तिने दुसरं स्किल ऑगमेंट करता येतं, वाऱ्यासारखं काही करताय असं जीएमला पटवा, डाइस टाका, यश आलं की त्या स्किलला 20 टक्के बोनस. फसलं तर तेवढंच वजा, म्हणून 90 वाल्याने खेळावं, 50 वाल्याने जरा जपून.

थंडरबोल्टबद्दल पण विचारलंय. तो टाकायचा तर डोक्यावर आभाळ भरलेलं पाहिजे. निरभ्र दुपारी नाही चालत. आधी क्लाउड कॉलने ढग जमवायचे, याला वेळ लागतो, आणि काही जणांना ही कटकट वाटते. मला तर हा रूनक्वेस्टमधला सगळ्यात देखणा नियम वाटतो. विचार करा, लूनर म्हणजे ऑर्लान्थी लोकांच्या शत्रू साम्राज्याच्या सैनिकांची तुकडी खिंडीत उभी आहे, कुणीतरी वर बघतं, एका कोपऱ्यात ढग आलाय जो सकाळी नव्हता, मग दुसरा, सावली पुढे सरकतेय, आणि त्यांच्यातल्या जुन्या शिपायाला कळलंय की समोरच्या डोंगरावर कुणीतरी हे करतंय. आता ते पळतील की ढग पुरे जमायच्या आत चढून येतील? अख्खा सीन फुकटात मिळाला.

प्रश्न (बेळगाव): माझं कॅरेक्टर बाई आहे. ऑर्लान्थ फक्त पुरुषांचा देव आहे का?

नाही. विंगा घ्या, वादळाची लढवय्यी, केस लाल रंगवणाऱ्या बायकांची. ती ऑर्लान्थचंच रूप मानली जाते. बिनधास्त खेळा.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही चार मराठी मित्र ऑनलाइन खेळतो. जीएमने कॅम्पेन ग्लोरँथाच्या 1621 सालात सुरू केलंय आणि म्हणतो लवकरच ऑर्लान्थ मरणार. माझं कॅरेक्टर ऑर्लान्थचं आहे! देव मेला तर मी खेळू काय?

तुमच्या जीएमला दाद दिली पाहिजे. 1621 मध्ये लूनर साम्राज्य व्हाइटवॉलचा किल्ला घेतं आणि त्या मुलखापुरता ऑर्लान्थ मरतो. याला विंडस्टॉप म्हणतात. वारा थांबतो. झुळूकसुद्धा नाही. नुसती थंडी आणि बर्फ, वसंत येतच नाही, एर्नाल्डाही गेल्यामुळे पेरलेलं उगवत नाही, आणि दोघांच्या भक्तांची रून जादू बंद.

म्हणजे हो, तुमचे स्पेल जाणार. पण तुम्ही एक गोष्ट बघा, हे सगळं एकदा होऊन गेलंय, पुराणातल्या महाअंधारात, आणि तेव्हा लोक कसे तगले याच्या गोष्टी तुमच्या कॅरेक्टरला लहानपणापासून पाठ आहेत. रोजचे प्रश्न खूप मोठे होतात: बियाण्याचं धान्य खायचं का ठेवायचं, कुठला बैल आधी कापायचा, शेजारचं कुळ ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर आहे ते दारात पोरं घेऊन उभं राहिलं तर आत घ्यायचं का. इथे भाल्याचा काही उपयोग नाही आणि म्हणूनच ऑर्लान्थचा माणूस खेळायला याहून चांगली वेळ नाही. कॅरेक्टर शीटवर लॉयल्टी आणि ऑनर असे पॅशन म्हणजे निष्ठा-भावनांचे आकडे असतील बघा, तेच आता तुमचे स्पेल समजा. आणि 1625 मध्ये ड्रॅगनराइज होतो, लूनर लोकांचं नवंकोरं मंदिर उद्घाटनाच्या वेळीच एक खराखुरा ड्रॅगन उठून गिळून टाकतो. तिथपर्यंत कॅम्पेन नेलंत तर त्या सेशनला मला बोलवा.

प्रश्न (औरंगाबाद, अकरावीतला वाचक): माझ्याकडे ग्रुपच नाही. एकट्याने ऑर्लान्थ कसा खेळू?

किंग ऑफ ड्रॅगन पास घे. 1999 चा गेम आहे, मोबाइलवर पण आलाय, दिसायला चित्रं आणि मजकूर एवढंच, पण तू एक अख्खं कूळ चालवतोस आणि सात जणांची पंचायत तुला सल्ले देते, प्रत्येक जण आपापल्या देवाच्या स्वभावाप्रमाणे. एखाद्या जागी यूरमालचा भक्त बसव, डोक्याला ताप देईल पण मजा येते. त्यात अरोकाची हीरोक्वेस्ट, म्हणजे देवाची ती गोष्ट माणसाने पुन्हा जगायची मोहीम, पण आहे. एक सांगतो, गोष्ट नीट न वाचता ती करायला माणूस पाठवू नकोस, कारण पुराणात देवाने जे केलं ते तुला आठवावं लागतं आणि अंदाजपंचे बटणं दाबली तर तुझा चांगला सरदार जखमी होऊन परत येतो किंवा येतच नाही.

तो झाला की त्याच लोकांचा 2018 चा सिक्स एजेस: राइड लाइक द विंड. यात तू सूर्याच्या बाजूच्या घोडेस्वार लोकांचा प्रमुख आणि ऑर्लान्थची माणसं म्हणजे शेजारचे दांडगट मेंढपाळ शत्रू. सूर्यपूजक तर त्याला राजा वगैरे काही मानत नाहीत, त्यांच्या शहरात त्याचं नाव रिबेलस टर्मिनस, म्हणजे बंडखोर, ज्याने बादशहाचा खून केला. दोन्ही गेम खेळून झाले की मग ठरव तू कुणाच्या बाजूने आहेस, आणि दहावी-बारावीच्या मधलं वर्ष आहे तर रात्री दोनपर्यंत खेळत बसू नकोस, आईच्या शिव्या मला नकोत.