ओरेगॅनोची कुंडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नर्सरीतून ओरेगॅनो म्हणून आणलेल्या रोपाची पानं जाड, लुसलुशीत आहेत आणि वास ओव्याचा येतो. हेच का ते? (ठाणे)

नाही, हा पानओवा. याच्या पानांची भजी छान होतात, तेव्हा टाकू मात्र नका. काही देशांत यालाच क्यूबन ओरेगॅनो म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. खरं ओरेगॅनो मरव्याचं सख्खं भावंड. पानं पातळ, नखाएवढी, देठ काडीसारखे. घेताना एक पान चुरडून पाहा. वास झणझणीत नसेल तर ते रोप तिथंच राहू द्या. स्वयंपाकासाठी ग्रीक ओरेगॅनोच मागा.

प्रश्न : दर पावसाळ्यात रोप काळं पडून मरतं. (चिपळूण)

हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरचं. तिथं उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे उलट, आणि कोकणात तर चार महिने मुळं ओली! मातीचीच कुंडी घ्या, 8 ते 10 इंचांची. निम्मी माती, बाकी जाड वाळू आणि मूठभर जुनं शेणखत. मे संपता संपता झाड निम्म्यावर छाटा, म्हणजे आत हवा खेळेल. कुंडी पागोळ्यांपासून लांब, छपराखाली पण उजेडात ठेवा आणि खालची ताटली आठवणीने काढा. बोट पेरभर खुपसून पाहायचं. माती कोरडी लागली तरच पाणी.

प्रश्न : झाड हिरवंगार आहे, पण पानांना चवच नाही. (पुणे)

खत जास्त होतंय किंवा ऊन कमी पडतंय. नत्र मिळालं की पानं फोफावतात, सुगंधी तेल मात्र विरळ होतं. खत बंद करा आणि रोज सहा तास ऊन द्या. लाड आवरा!

प्रश्न : बी उगवलंच नाही. (नाशिक)

बहुधा खोल गेलं. हे बारीक बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. त्याला उजेड लागतो. पाणी फवाऱ्याने द्या. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

प्रश्न : पानं कधी तोडायची, कशी वाळवायची? (नागपूर)

कळ्या दिसू लागल्या की, सकाळी दव सुकल्यावर. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त तोडू नका. जुड्या बांधून सावलीत टांगा. तुमच्याकडच्या उन्हात तेल उडून जाईल. पानं कुरकुरीत झाली की अख्खीच बरणीत भरा आणि लागतील तेव्हा तळहातावर चुरा. वाळलेली पानं ताज्यापेक्षा तिखट लागतात. सॉसमध्ये ती आधी घाला, ताजी शेवटी.