राजेंद्रनगरला (इंदूर) शेजारच्या घरात भाड्याने राहणारी मुलं रात्री १ पर्यंत स्पीकर वाजवतात, घरमालक बाहेरगावी असतात, माझी आई आजारी आहे. काय करावं?

घरमालकांना आधी लेखी कळवा, आणि रात्री १० नंतर आवाज चालू असेल तेव्हाच ११२ लावा. सकाळी केलेल्या तक्रारीत पोलिसांच्या हाती काही लागत नाही. आधार आहे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल, आणि खासगी घरातल्या स्पीकरचा आवाज घराच्या हद्दीवर याच्या फार तर ५ डेसिबल वर चालतो. म्हणजे "आमच्या घरात वाजवतोय" हे उत्तर पुरत नाही.

घरमालकांना फोन नको, व्हॉट्सअ‍ॅप करा: "काका, काल रात्री १२:४० पर्यंत गच्चीवर स्पीकर चालू होता. आई आजारी आहे, झोप लागत नाही. मुलांशी आजच बोला." सोबत आपल्याच खिडकीतून काढलेला व्हिडिओ, ज्यात भिंतीवरचं घड्याळ दिसेल. असे तीन-चार मेसेज साठले की पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नका, तो आकडा पुरावा म्हणून टिकणं अवघड.

त्याआधी एकदा संध्याकाळी त्या मुलांशी स्वतः बोला. घरापासून लांब राहणारी पोरं असतात, आजारी आईचं सांगितलं की बरेचदा ऐकतात.

हे सगळं स्पीकर, डीजे, आरडाओरड्यापुरतं. तान्ह्या बाळाचं रडणं किंवा पहाटेचा मिक्सर यावर पोलीस काही करणार नाहीत.